पहिलं वॉफल वाघजाईचं

मी वॉफलचा साचा बोलतोय. घाई असेल तर माझ्या वाटेला न गेलेलं बरं.

दिसायला मी साधा आहे. दोन जबडे, आत चौकटी-चौकटींचे दोन तवे, मागे वायर. पीठ ओतायचं, झाकण मिटायचं, चार मिनिटं कळ काढायची. डोक्यावर दोन दिवे आहेत. लाल लागला की मी तापतोय, हिरवा लागला की तयार आहे. एवढंच काम. पण एवढंसं काम करतानाही मी घाबरतो.

कारण सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल. माझं पहिलं वॉफल चिकटतं. रोजचं पहिलं. दुसरं बरं येतं, तिसरं चांगलं येतं, चौथ्याला लोक फोटो काढतात. पण पहिलं अर्धं वरच्या तव्याला, अर्धं खालच्या तव्याला. कारखान्यात तपासनिसाने मला रिकामंच तापवून पाहिलं आणि 'पास'ची चिठ्ठी डकवली. पीठ घालून पाहिलं असतं तर मी आज कुठे असतो, देव जाणे. पुष्कळांच्या बाबतीत तपासणी अशीच होत असावी.

माझं पहिलं घर महाडचं. बँकेत नोकरी करणाऱ्या अस्मिताने मला टाळेबंदीत मागवलं. घरात तिची आई सरोजताई आणि वडील अवधूतराव. अवधूतराव कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि घरातल्या कुठल्याही नव्या वस्तूकडे मुदत उलटून आलेल्या अर्जाकडे बघावं तसं बघत.

पहिल्या रविवारी अस्मिताने मोबाइल समोर उभा करून, त्यातली बाई सांगेल तसं सगळं केलं. मैदा, अंडी, दूध, पातळ केलेलं लोणी. झाकण उघडलं. मी डोळे मिटून घेतले असते, पण मला डोळे नाहीत, दिवे आहेत.

"अगं, हे तर बिघडलेल्या घावनासारखं दिसतंय," सरोजताई म्हणाल्या.

"बिघडलेलं घावन निदान ओळखू तरी येतं," अवधूतराव म्हणाले. पण ते तुकडे त्यांनीच चहात बुडवून खाल्ले आणि शेरा दिला, "ठीक आहे."

तेव्हापासून पहिलं बाबांचं, असा त्या घरात नियमच झाला. सुरीने खरवडून काढायचं आणि बाबांच्या बशीत टाकायचं. पुढची वॉफलं दोघी मायलेकी केळ्याचे काप आणि मध घालून खात. अवधूतराव तक्रार करत नसत. मला मात्र दर रविवारी लाज वाटे. असे रविवार सात झाले. मग मी ओट्यावरून फ्रिजवर गेलो आणि फ्रिजवरून माळ्यावर.

त्याच वर्षी, की पुढच्या, पण जुलैतच, सावित्री नदी घरात आली. ज्या फ्रिजवर मी बसायचो तो फ्रिज पाण्यात तरंगत दाराला धडका देताना मी माळ्यावरून पाहिला. निरुपयोगी म्हणून मला वर टाकलं होतं, म्हणून वाचलो. नोकरीतही असं होतं म्हणतात.

नंतर काही वर्षं मी माळ्यावरच होतो. कुणी हात लावत नव्हतं. चिंता तेवढी सोबतीला होती.

एका मे महिन्यात ठमाबाई दारात आली. पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी तिचं गाव. दरवर्षी करवंदं, जांभळं घेऊन ती महाडला यायची आणि सरोजताईंचं घर तिचं ठरलेलं. त्या दिवशी सरोजताई माळा आवरत होत्या.

"हे घेऊन जातेस का गं, ठमाबाई? उगाच जागा अडवून बसलंय."

"काय करतात गो बाय ह्याचं?"

"वॉफल."

"बरं," ठमाबाई म्हणाली, आणि मला रिकाम्या पाटीत घालून डोक्यावर घेतलं. वॉफल म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. फुकट मिळालेल्या वस्तूचा उपयोग घरी जाऊन शोधता येतो, असं तिचं साधं धोरण.

घरी तिच्या सुनेने, पूजाने, मला पाहिलं आणि तोंडाला पदर लावून ती हसत सुटली. कारण तिचा नवरा राजेश मुंबईत नऊ वर्षं एका कॅफेच्या भटारखान्यात वॉफलच करत होता. नवराबायको आदल्याच वर्षी परत आली होती. राजेशने बापाच्या, हैबतीच्या, मदतीने घराच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या होत्या. महाबळेश्वरला जाणारे पाहुणे वाटेत उतरतील, राहतील, खातील, असा बेत. मोबाइलवर त्याने जाहिरात टाकली: दोन स्वच्छ खोल्या, डोंगराचा देखावा, सकाळी घरगुती वॉफल आणि ताजी फळं. सोबत स्ट्रॉबेरीचा फोटो. फोटोतली स्ट्रॉबेरी कुठली होती, ते त्यालाही माहीत नव्हतं. खरी लागलीच तर वरून महाबळेश्वरहून दुधाच्या गाडीतून यायची होती.

डोंगर जागेवर होता. खोल्या स्वच्छ होत्या. मीही मिळालो होतो. फक्त पाहुणे नव्हते.

ती वर्षभराची वाट मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बसून पाहिली. माझ्या शेजारी बिडाचा तवा होता, काळाकुळकुळीत, कितीतरी वर्षांचा. त्याला कसली काळजी नव्हती. समोरच्या खुंटीवर राजेशची मुंबईची पाठपिशवी टांगलेली असे. सुरुवातीला ती रिकामी, चपटी होती. मग तिच्यात दोन शर्ट आले. मग दाढीचं सामान. पुढच्या एप्रिलच्या अखेरीस ती चांगलीच फुगली. जुन्या शेठचा फोन आला होता. नवीन कॅफे उघडतोय, येतोस तर सोमवारी हजर हो, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

राजेशने घरात सांगितलं ते एवढंच: "ह्या आठवड्यात कोणी आलं नाय, तर रविवारची दुपारची गाडी. पूजाला मागाहून नेतो."

ठमाबाई भांडली. हैबती कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायला गेला. त्याची ही रीतच होती. त्याला काही बोलायचं असलं की तो कामाला जाई, आणि ज्याला समजायचं त्याने समजावं.

आठवडा गेला. शुक्रवारी संध्याकाळी घाटात धोंडे आले. पावसाळ्याआधी सैल दगड पाडायचं काम चाललं होतं. पाडायचे त्याहून जास्त पडले आणि रस्ता दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद झाला. वर निघालेल्या गाड्या माघारी फिरल्या. त्यांतली एक आमच्या अंगणात येऊन थांबली. ठाण्याचं जोडपं, विनीत आणि रेश्मा. दोघंही वैतागलेली. रेश्माने मोबाइल दाखवून विचारलं, "हे तुमचंच ना? सकाळी वॉफल मिळतील?"

"हो मॅडम, एकदम फ्रेश," राजेश म्हणाला.

ते म्हणताना त्याच्या लक्षात आलं की ज्या दरडीने पाहुणे खाली अडवले, तिनेच स्ट्रॉबेरी वर अडवली आहे.

रात्री जेवणं झाल्यावर चुलीपाशी त्याचा आणि पूजाचा ठराव झाला. पहिले पाहुणे आहेत. सकाळचं नीट झालं, त्यांनी चार शब्द बरे लिहिले, तर बघू. नाही झालं तर पिशवी तयारच आहे. मला एकदा तापवून पाहावं, एखादं करून बघावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. नऊ वर्षं वॉफल केलेल्या माणसाला सराव लागत नाही, असं राजेशचं मत होतं. माझं मत कुणी विचारलं नाही. मी पहाटेपर्यंत फळीवर बसून घाबरत होतो. बिडाचा तवा नेहमीप्रमाणे थंड होता.

सकाळी हैबती उजाडायच्या आत डोंगरात जाऊन आला. धोतराच्या सोग्यात करवंदं, खांद्यावर कापा फणस. पूजाने करवंदांची देठं खुडली, चीक जावा म्हणून मिठाच्या पाण्यात घातली, पिळून बिया काढल्या आणि गुळाबरोबर जरा गरम केली. रायवळ आंब्यांचा रस काढला. वाटीभर दाट साय घेतली.

"स्ट्रॉबेरी मागितली तर काय सांगू?" राजेश पिठात लोणी घालत म्हणाला.

"घाटात अडकलेय सांग. त्येंची गाडी पण अडकलीच हाय की," पूजा म्हणाली.

माझी वायर लावली. लाल दिवा लागला. पण कसा? मरणाऱ्या माणसाच्या डोळ्यासारखा. मला लगेच उमगलं, विजेला जोर नाही. शेजारच्या सहदेवचा विहिरीवरचा पंप चालू असला की अख्ख्या आळीतले दिवे मिणमिणतात. पाच मिनिटं गेली, दहा गेली, हिरवा लागेना. बाहेर पडवीत पाहुण्यांच्या खुर्च्या कुरकुरायला लागल्या.

"आबा, सहदेवदादाला पंप बंद करायला सांगा ना!" राजेश म्हणाला.

हैबती निघाला. पण राजेशला धीर नव्हता. त्याने माझ्या तव्यांवर हात धरून पाहिला, "गरम तर आहे," म्हणाला आणि पीठ ओतलं.

मी तसाच बोंबललो असतो. बोलता येत असतं तर.

चार मिनिटांनी त्याने झाकण उघडलं. वॉफल मधोमध फाटलं. अर्धं वर, अर्धं खाली, रंग आजारी माणसासारखा. राजेशचा चेहराही त्याच रंगाचा झाला. त्याने लाकडी उलथन्याने तुकडे काढले आणि कचऱ्याच्या डब्याकडे वळला. मुंबईत तशीच पद्धत होती, पहिलं डब्यात. मला त्याचं नवल नव्हतं.

तेवढ्यात ठमाबाईने त्याचं मनगट धरलं.

"कुठं टाकतोस?"

"आई, बिघडलंय ते."

"पयलं हाय ना? ह्या साच्यातलं आपल्या घरातलं पयलं?"

"हो, पण..."

"मग वाघजाईचं हाय."

त्या घरात पहिलं काहीही गावदेवी वाघजाईचं. झाडाचा पहिला आंबा, गाय व्यायली की पहिलं दूध, नव्या तांदळाचं पहिलं घावन. गावाच्या शिवेवर, आंब्याखाली तिचं ठाणं आहे, ते आमच्या खिडकीतून दिसतं. जाऊन यायला पंधरा मिनिटं लागतात. आणि तिचं तिला पोचेपर्यंत घरात कुणी, पाहुणासुद्धा, त्या जिनसेला तोंड लावत नाही.

"आई, अंडं हाय त्यात," राजेश रडकुंडीला आला होता.

"तिला कोंबडा चालतो. मग अंड्याला काय धाड भरलेय?"

नऊ वर्षांच्या मुंबईने मुद्दा बदलला.

"पाहुणे बसलेत गो आई! भुकेले हायत. तू येईस्तोवर थांबायचं?"

"थांबतील. दरडीसाठी थांबले, देवीसाठी थांबाय काय झालं?"

तिने ते फाटके तुकडे ताटलीत जुळवून ठेवले, जमेल तितके गोल. वर चमचाभर करवंदं घातली. पदर सावरला आणि पडवीतून, पाहुण्यांच्या देखत, सरळ निघाली.

"आजी, आमचं वॉफल घेऊन कुठे चाललात?" विनीतने विचारलं.

"तुमचं मागून येतंय बाबा. ह्ये मालकिनीचं," ठमाबाई म्हणाली, आणि थांबली नाही.

पुढची पंधरा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. राजेश ओट्यापाशी उभा होता आणि खुंटीवरच्या पिशवीकडे बघत होता. पडवीतून रेश्माचा आवाज येत होता, "आपण खाली पोलादपूरला जाऊन मिसळ खाल्ली असती एव्हाना." पूजा चहा घेऊन गेली, आणखी चहा घेऊन गेली. राजेश पुटपुटला, "संपलं. आता एक स्टार." मला वाटलं, ह्या माणसाचं घर माझ्यामुळे मोडतंय. दोष विजेचा, घाई त्याची, पण फाटलं ते माझ्या पोटात.

आणि मग सहदेवचा पंप थांबला.

माझा लाल दिवा टवटवीत झाला. अंगात ऊब चढत गेली, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत. कारखाना सोडल्यापासून कुणी मला तसं, रिकामं, निवांत तापू दिलं नव्हतं. अस्मिताला व्हिडिओतल्या बाईबरोबर धावायचं असे, राजेशला पाहुण्यांच्या आधी धावायचं होतं. पातेल्यातलं पीठही तोवर मुरलं, वर बारीक बुडबुडे आले. हिरवा दिवा लागला तेव्हा राजेशचं लक्षही नव्हतं. खिडकीतून पूजाने पाहिलं, "आई येतेय," म्हणाली.

ठमाबाई रिकामी ताटली घेऊन आली. "घेतलं तिनं," एवढंच बोलली. कावळ्याने घेतलं की कुत्र्याने, याची चौकशी कुणी केली नाही. मीही केली नाही. माझं पहिलं वॉफल आजवर गेलं ते अवधूतरावांच्या चहात, नाही तर डब्याच्या वाटेला. कुणी त्याच्यासाठी पदर सावरून चालत गेलं, हे प्रथमच घडत होतं.

राजेशने पीठ ओतलं. मी चार मिनिटं जबडे घट्ट मिटून बसलो. झाकण उघडलं, आणि वॉफल आपोआप सुटून आलं. सोनेरी, कडेला कुरकुरीत, चौकटीन् चौकट शाबूत. पूजाने त्यावर आंब्याचा रस सोडला, चौकटी पिवळ्या रसाने भरल्या, वर करवंदं, बाजूला फणसाचे गरे आणि साय.

पूजा ताटली पडवीत घेऊन गेली. मग विनीत म्हणाला, "हे जांभळं काय आहे?"

"करवंदं," पूजा म्हणाली.

"स्ट्रॉबेरी?" रेश्माने विचारलं.

"ती घाटात हाय, मॅडम."

रेश्मा हसली आणि दुसरं मागितलं. चौथ्याचा तिने फोटो काढला. म्हणालो ना, चौथ्याला काढतात.

दुपारी घाट उघडला, गाडी गेली. संध्याकाळी राजेशच्या मोबाइलवर विनीतचा अभिप्राय आला. पूजाने मोठ्याने वाचला: "वॉफल उत्तम. स्ट्रॉबेरी नाही. नाश्ता देवीनंतर मिळतो, वेळ हाताशी ठेवून जा." पाचांपैकी चार तारे.

"एक कापला," राजेश म्हणाला. माणसाला चार मिळाले की तो हटकून पाचवा मोजतो.

त्या अभिप्रायापाठोपाठ आणखी एक निरोप आला. रेश्माची बहीण महाबळेश्वरहून उतरणार होती, रविवारी सकाळी, चौघंजण, नाश्त्यापुरती. पूजाचा चेहरा उजळला. पण तेवढ्यात शेठचा फोन आला आणि राजेश अंगणात जाऊन बोलला. परत आला तो खाली बघत. "उद्या सकाळचं उरकतो आणि दुपारच्या गाडीनं निघतो. एका नाश्त्यावर वर्ष नाय निघत, आई. पुढं चार महिने पाऊस, कोण येणार?"

खोटं नव्हतं ते. ठमाबाई या वेळी भांडली नाही, तेव्हा मी जास्त घाबरलो. हैबती पडवीत बसून सगळं ऐकत होता. तो उठला आणि झोपायला गेला.

रविवारी उजाडलं. राजेशने आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि खुंटीकडे हात नेला. खुंटी रिकामी. खाली फळीवर त्याचे दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, सगळं नीट घडी करून ठेवलेलं.

"आई, माझी बॅग?"

"मला काय ठाव?"

"पूजा?"

पूजाने मान हलवली. तेवढ्यात मागच्या दाराने हैबती आत आला. गुडघ्यापर्यंत ओरखडे, आणि पाठीवर मुंबईची पिशवी, गच्च भरलेली. त्याने ती ओट्यावर, माझ्या शेजारी, उपडी केली. करवंदांचा काळा ढीग घरंगळत माझ्या पायापर्यंत आला. पिशवी आतून जांभळी झाली होती, बाहेर पांढऱ्या चिकाचे ओघळ, त्यांवर माती आणि पाला. करवंदाचा चीक धुवून जात नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. हैबतीला तर सगळ्यांहून जास्त.

"आबा! ही बॅग कशाला नेली?"

"चार जणं येनार म्हनलास ना?" हैबती म्हणाला. "धोतरात मावली नसती."

माणूस चिकाच्या डागापायी मुंबईला जायचा थांबत नाही, एवढं मलाही समजतं. पिशव्या पोलादपूरला मिळतात. पण राजेश त्या पिशवीकडे बराच वेळ बघत राहिला, मग बापाच्या ओरखडलेल्या नडग्यांकडे. मग त्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि करवंदांची देठं खुडायला बसला. मध्येच फोन वाजला. चिकट बोटांनीच त्याने तो कानाला लावला.

"शेठ, नाय जमणार... नाय, तब्येत ठीक हाय... बॅग खराब झालीय."

मला वायर लावली. पंप बंद करायला हैबती आधीच सांगून आला होता. हिरवा दिवा लागेपर्यंत राजेश थांबला. पहिलं वॉफल तरीही एका कोपऱ्याला चिकटलं. खोड जात नाही. ठमाबाईने ते ताटलीत काढलं आणि वाटेला लागली. एकदाचं नाही, रोजचं पहिलं तिचं, असा तिने आता नियमच केला आहे.

तर असा मी. पाऊस तीन आठवड्यांवर आला आहे आणि माझी काळजी गेलेली नाही. चार महिने पाहुणे येतील का, वीज टिकेल का, राजेश नवी पिशवी घेईल का, हे फळीवर बसून रोज घोकतो. ती जुनी पिशवी मात्र त्याच खुंटीवर आहे. हैबती तिच्यात बियाण्याचे कांदे ठेवतो.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद माळ्यावर असेल तर त्याला खाली काढा, एवढी विनंती. निवांत तापू द्या. आणि पहिलं फाटलं तर डब्याकडे वळू नका. वाघजाई प्रत्येकाच्या शिवेवर नसते, पण चहात बुडवून 'ठीक आहे' म्हणणारं एखादं माणूस घरात असतंच.